बर्फातला हात

पशुवैद्यकाची पदवी देताना आम्हाला एक शपथ घ्यायला लावतात. मुक्या जनावरांचं दुःख कमी करीन वगैरे. ती मी पहिल्या रांगेत उभा राहून, सगळ्यांत मोठ्या आवाजात घेतली होती. त्यानंतर जेमतेम दीड वर्षात माझ्या कृपेनं एका बाईच्या सात शेळ्या मेल्या. हे मी आता चारचौघांत बिनदिक्कत सांगतो, कारण सांगायला तिनंच शिकवलं. दारोदार उभं करून शिकवलं.

गिरजामावशी गेल्या महिन्यात गेली. तिच्या मुलाचा, भाऊसाहेबचा फोन आला तेव्हा मी क्रांती चौकात सिग्नलला उभा होतो. "डाक्टर, माय गेली. दोन दिवस झाले. तुमचा नंबर सापडंना," एवढंच तो म्हणाला. सिग्नल सुटला तरी मी जागचा हललो नाही. मागचा रिक्षावाला "चलो ना मियाँ, हरा हो गया" म्हणून ओरडला तेव्हा मोटरसायकल पुढं ढकलली आणि समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. मागे बर्फाची पेटी बांधलेली होती. ती आधी सावलीत ओढून घेतली. ही सवयसुद्धा मावशीनंच लावलेली.

त्या शेळ्या मेल्या तेव्हा मी एका संशोधन प्रकल्पात नोकरीला होतो. गरिबाच्या घरची शेळी आजारी पडली नाही, तर त्या घरची गरिबी कितपत हटते, हे शोधायचं होतं. असली कामं बऱ्याच गरीब देशांत चालू होती म्हणे. आमच्या वाट्याला दौलताबादच्या किल्ल्यामागची माळवस्ती आली. वीस-बावीस घरं, बहुतेक धनगरांची. थोडी मेंढरं, बाकी शेळ्या. या शेळ्यांवर एक साथ येते. नाकातोंडातून पाणी, तोंडात फोड, मग हगवण, आणि आठवड्याच्या आत शेळी आडवी. आम्ही तिला पीपीआर म्हणतो. वस्ती नुसतं 'ती' म्हणते. हिच्यावर चांगली लस आहे. एकदा टोचली की काही वर्षं बघायला नको. अट एकच, टोचेपर्यंत ती बर्फात राहिली पाहिजे. ऊन लागलं की लस मरते, आणि मेलेली लस दिसायला जिवंत लशीसारखीच असते.

पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून, सतरा पानी फॉर्म घेऊन मावशीच्या दारात गेलो. साठीची बाई. काटक, उन्हानं तांबूस पडलेली. पदर डोक्यावरून घेऊन कानामागं खोचलेला. दाराशी बसून शेळीच्या पायातला काटा काढत होती. मान वर न करता म्हणाली, "बसा सायेब. खाली बसा, खुर्ची पाव्हण्याच्या घरी गेलीय."

मी बसलो आणि प्रश्न क्रमांक एक विचारला. "एकूण शेळ्या किती?"

"हाईत की."

"हो, पण किती?"

"आमच्यात जित्राब मोजत नसतेत. नजर लागती."

"मग संध्याकाळी सगळ्या परत आल्या हे कळतं कसं?"

"जी आली नाय ती दिसती ना," मावशी म्हणाली. एवढी साधी गोष्ट या शिकलेल्या माणसाला का कळू नये, असा चेहरा करून.

मी फार हुशार. म्हटलं, नावं तरी सांगा. ती सांगायला लागली: काजळी, बुंदी, मास्तरीण, थोरली पाटलीण, धाकली पाटलीण, लंगडी, झिपरी, आणि आणखी कितीतरी. शेवटी तहसीलदार.

"तहसीलदार?"

"बोकड हाय. कामाच्या वक्ताला जागेवर नसतो."

मी हसलो खरा, पण माझी बोटं हळूच एकेक नाव मोजत होती. मावशीनं ते बरोबर टिपलं. "सायेब, बोटं खिशात घाला," म्हणाली. मी घातली. तो रकाना आजही कोरा आहे.

शिवाय या शेळ्या उस्मानाबादी. म्हणजे काळ्या. काळ्याकुट्ट आणि सगळ्या सारख्या. पहिलं शिबिर दुसऱ्या एका रोगाच्या लशीचं होतं; त्यात मी हातात सापडेल तिला सुई टोचत सुटलो होतो. मावशी ओट्यावरून बघत होती. एका शेळीची मान धरली तसा आवाज आला, "ती मास्तरीण हाय. तिला झालंय मगाशी. एका वर्गात दोनदा बसवता काय?" वस्ती खो-खो हसली. त्या दिवसापासून मावशी एकेक शेळी नाव घेऊन पुढं करायची आणि मी टोचायचो. प्रकल्पाच्या कागदावर मी संशोधन अधिकारी होतो. प्रत्यक्षात मी तिचा सुईवाला होतो.

फॉर्मच्या अकराव्या पानावर एक प्रश्न होता: 'आपल्या मते गरिबी म्हणजे काय?' उत्तरासाठी एक ते पाच असे चौकोन छापलेले. कुणी छापले देव जाणे. मी विचारलं. मावशी बराच वेळ शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "शेळी बिमार पडली की गरीब माणूस ती मरायच्या आत खाटकाला देतो. भाव पाडून मागतो खाटीक, तरी देतो. काय करणार, मेल्यावर तेबी नाय. आन् ज्याच्याकडं आधार हाय तो थांबतो. इलाज करतो, वाट बघतो. थांबता येत नाय, ती गरिबी."

मी तीनवर खूण केली. अजून लाज वाटते.

तिची शेळी तपासायची पद्धत वेगळी होती. थर्मामीटर बिर्मामीटर काही नाही. शेळ्या बसल्या की ती त्यांच्याकडं पाठ करून बसायची आणि ऐकायची. रवंथाचा आवाज. "रवंथ चालू असंल तर समदं ठीक. बंद पडला की समजायचं, आत काहीतरी सलतंय." हाच नियम ती माणसांनाही लावायची. शेजारची सून माहेराहून रुसून आली की, "हिचा रवंथ बंद हाय." सरपंच निवडणूक हरला तेव्हा महिनाभर, "त्येचा अजून चालू झाला नाय." मी कॉलेजात पाच वर्षं पोटाचे चार कप्पे पाठ केले होते. ते ऐकायचे असतात हे मला माळवस्तीवर कळलं.

आणखी एक सवय. मी पेटी उघडली की ती जवळ यायची आणि सरळ आत हात घालायची. मनगटापर्यंत. डोळे मिटून क्षणभर तसाच ठेवायची. मला वाटायचं, बाईला उन्हात गार बरं वाटत असेल. मी उदारपणे म्हणायचो, "घाला मावशी, घाला." माझ्या उदारपणाची मला तेव्हा फार किंमत होती.

आता तो दिवस. मार्च होता. पीपीआरची लस टोचून वस्तीतली बाकी घरं आदल्या आठवड्यात झाली होती, मावशीच्या घरासकट तिच्या बाजूची चार राहिली होती. सकाळी निघालो तर कॉलेजातल्या दोस्तांचा फोन. ते किल्ला बघायला आले होते, दौलताबादच्या पायथ्याशी उभे होते. म्हणाले, अर्धा तास ये. मी गेलो. मी इथला माणूस, मला किल्ल्याची खडान्‌खडा माहिती, असा माझा समज होता. वर त्यातल्या एकीसमोर चांगली छाप पाडायची होती, हेही आता लपवण्यात अर्थ नाही. त्यांचं पाणी गरम झालं होतं म्हणून पेटीतल्या बर्फाच्या दोन पिशव्या काढून मी त्यांच्या बाटल्यांभोवती गुंडाळल्या. मग पेटी मोटरसायकलवर तशीच ठेवून वर चढलो. किल्ल्याच्या अंधाऱ्या भुयारी वाटेत सगळ्यांच्या पुढं चाललो, वटवाघळांना घाबरलो, आणि ज्या मुलीवर छाप पाडायची होती तिचाच हात घट्ट धरला. अर्ध्या तासाचे तीन तास झाले. खाली आलो तेव्हा गाडीची सीट हात लावू देत नव्हती.

मावशी शेळ्या बांधून वाट बघत होती. पेटी उघडली, तिनं हात घातला. या वेळी डोळे मिटले नाहीत.

"कोमट हाय, डाक्टर."

"वरून वाटतं मावशी. आत बाटल्या गारच असतात."

"आसं व्हय," ती म्हणाली आणि काजळीची मान धरून पुढं केली.

मला परत जाऊन ताजी लस आणता आली असती. तासाभराचा रस्ता. पण मग उशीर का झाला हे प्रकल्पाच्या साहेबांना सांगावं लागलं असतं. मी चारही घरच्या शेळ्यांना टोचलं. छान, व्यवस्थित, पुस्तकात लिहिलंय तसं. निळ्या शाईनं खुणा केल्या. चहाही घेतला.

पोळ्याच्या आसपास ती आली. नुसती आली नाही, निवडून आली. ज्या चार घरांत मी त्या दिवशी टोचलं होतं, तीच घरं. बाकी वस्तीच्या शेळ्या त्याच हाळावर पाणी पीत होत्या आणि ठणठणीत होत्या. तिघांनी दुसऱ्याच दिवशी खाटकाला बोलावलं. मावशीनं बोलावलं नाही. खाटीक दारात येऊन उभा राहिला तर त्याला म्हणाली, "ह्या येळंला म्या थांबते. टोचलंय ह्यांना. वाचतीन." ताक पाजलं, तोंडातले फोड हळदीनं पुसले, तीन रात्री गोठ्यात झोपली. मी सलायनं घेऊन धावलो, पण तोवर आतून काही उरलं नव्हतं. काजळी गेली, मास्तरीण गेली, दोन्ही पाटलिणी गेल्या. सात. ती मोजत नाही, म्हणून मी मोजल्या.

माझ्या भरवशावर तिला आयुष्यात पहिल्यांदा थांबता आलं होतं.

वस्तीत एकच बोलणं सुरू झालं. सुईनंच मेल्या. नवी पिल्लं टोचायची होती, शेजारच्या दोन वाड्यांतही जायचं होतं. सगळ्यांनी दारं लावून घेतली. आमचे साहेब म्हणाले, "लस शंभरातल्या शंभरांना लागू पडत नाही, असं लिहून टाका. खोटं नाही ते." खरंच खोटं नव्हतं. म्हणूनच आवडलं मला. दोन दिवस मी ते वाक्य मनात घोळवत होतो. मग मावशीकडं गेलो, कशाला ते माझं मलाही ठरवता आलं नव्हतं.

ती रिकाम्या दाव्यांजवळ बसली होती. मी बसलो. ती माझ्याकडं पाठ करूनच म्हणाली, "तुझा रवंथ बंद हाय आज."

तोवर ती मला तुम्ही म्हणायची. मी सगळं सांगितलं. दोस्त, बाटल्या, बर्फ, किल्ला. त्या मुलीचा हात तेवढा गाळला. सांगताना माझा आवाज असा येत होता, जणू दुसराच कुणी माझी तक्रार करतोय. झिपरी, म्हणजे वाचलेल्यांतली एक, आली आणि तिच्या मांडीवर तोंड ठेवून उभी राहिली.

"मला ठाव व्हतं," शेवटी ती म्हणाली. "हात घातला तव्हाच कळलं. वाटलं, डाक्टर म्हणतो गार हाय तर असंल. म्या माझ्या हाताचं ऐकायला पायजे व्हतं." मग थोड्या वेळानं, "चांगला हाय का रं किल्ला वरून?"

"अं?"

"म्या नाय बघितला अजून. जलम गेला खाली. शेळ्या सोडून कव्हा जाणार?"

मी म्हटलं, मावशी, मी घेऊन जाईन. मी शेळ्याही देतो, जेवढ्या गेल्या तेवढ्या. ती उठली आणि पदर खोचला. "शेळ्या नको. तू दोन कामं कर. एक, तुझ्या वहीत खरं लिव. दुसरं, चल माझ्यासंगं."

आणि तिनं मला दारोदार फिरवलं. खऱ्या अर्थानं. ती पुढं, मी मागं, माझ्या हातात रिकामी पेटी. प्रत्येक दारात तेच भाषण. "ह्यानं बरफ उन्हात ठिवला आन् किल्ल्यावर हिंडाया गेला. औषध मेलं. मेलेलं टोचलं. कसूर औषधाचा नाय, ह्येचा हाय. शिरपतनानाच्या शेळ्या बघा, चांगल्या औषधाच्या हाईत, उड्या मारतेत. उद्या हा ताजं आणंल. म्या हात घालून बघंल, मगच टोचू. ज्याला जित्राब ठिवायचं त्यानं बाहीर काढा." मी प्रत्येक वेळी मान खाली घालून उभा. सहाव्या दारानंतर मलाही ते पाठ झालं. एका दारात ती 'हिंडाया' शब्द विसरली तर तो मी पुरवला.

शिरपतनाना म्हणून एक म्हातारे होते. त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. "ते समदं ठीक हाय गिरजा. पर ह्येचं काय करायचं?"

"ह्येचं काय करणार," मावशी म्हणाली. "टोचाया लागतोच की. हात हलका हाय त्येचा. डोकं हळूहळू येईल."

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. वाटेत कुठंही थांबलो नाही, दौलताबादजवळ तर मान वळवूनही बघितलं नाही. वस्तीवर सगळी जनावरं बाहेर होती. आमची चार घरं आणि सगळी नवी पिल्लं. मावशीनं पेटीत हात घातला. इतका वेळ ठेवला की बायका कुजबुजायला लागल्या. मग हात बाहेर काढून सगळ्यांना दाखवला, लाल झालेला, पाणी गळणारा. "गार हाय," म्हणाली. मला कुठल्याही विद्यापीठानं दिलेलं प्रमाणपत्र इतकं लाल नव्हतं.

वहीतही मी खरं लिहिलं. साहेबांनी मला बसवून अर्धा तास झापलं, माझी नोकरी पक्की होणं वर्षभर पुढं गेलं, आणि मग मी लिहिलेलं ते खरं त्यांनी वरच्या अहवालात जसंच्या तसं घातलं. पुढं शेजारच्या वाड्यांत गेलो तेव्हा मावशी बरोबर असायची. ती नसेल तिथं गावातली कुणीतरी बाई हात घालायची. आमच्या फॉर्ममध्ये रकाना आला: 'पेटी गावकऱ्याने हात घालून तपासली काय?' सतरा पानांत हा एकच प्रश्न असा आहे, की ज्याचं उत्तर चौकोनात मावतं.

किल्ला मात्र राहिला. हिवाळ्यात जाऊ म्हटलं, तर शेळ्या व्यायला आल्या होत्या. उन्हाळ्यात म्हटलं, तर ती म्हणाली, "उन्हात किल्ल्यावर जायची सवय तुला हाय, मला नाय." मग तिचे गुडघे गेले. भाऊसाहेब वाळूजला कंपनीत होता, तो तिला घेऊन गेला. शेळ्या शिरपतनानांच्या सुनेकडं दिल्या. देताना एकेकीचं नाव सांगितलं आणि तहसीलदाराबद्दल स्वतंत्र सूचना दिल्या.

त्यानंतर माळवस्तीवर शिबिराला गेलो की काम नेहमीसारखंच व्हायचं. तीस-चाळीस माणसं, शंभरेक काळ्या शेळ्या, आरडाओरडा, निळी शाई. पेटी उघडताना मी अजून क्षणभर थांबतो. जी आली नाही ती दिसते.

तिला शेवटचं बघितलं ते वाळूजलाच, मागच्या उन्हाळ्यात. गंगापूरकडं शिबिराला चाललो होतो. भाऊसाहेबनं पत्ता दिला होता. पत्र्याच्या खोल्यांची रांग, समोर मोठा रस्ता, शिफ्ट सुटल्यामुळं बसा आणि मोटरसायकली एकामागून एक. मावशी दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. वाळली होती. पाठ रस्त्याकडं होती.

"काय ऐकताय मावशी?"

"ह्यांचा रवंथ," तिनं गाड्यांकडं अंगठा केला. "बंदच पडत नाय बघ. रातंदिस."

"आणि तुमचा?"

"चालू हाय हळूहळू."

मी आत जाऊन पाणी प्यायलो. बसलो. झिपरीला दोन पिल्लं झाली, शिरपतनानांना ऐकू येईनासं झालं, अशा बातम्या दिल्या. तिनं प्रत्येक शेळीचं नाव घेऊन विचारलं. नावं तिच्या तोंडून ऐकताना मला वाटत होतं, हे असंच चालू द्यावं, शिबिर गेलं खड्ड्यात. म्हटलं, "मावशी, पायथ्याच्या दारापर्यंत गाडी करू. पुढं मी पाठीवर घेतो. येत्या रविवारी जाऊ किल्ल्यावर."

"जाऊ की," ती म्हणाली. मग माझ्या मोटरसायकलकडं बोट केलं. "ती आण हिकडं."

मी पेटी सोडून तिच्या पायाशी आणून ठेवली. झाकण उघडलं. तिनं पदर मागं सारला आणि हात आत घातला, मनगटापर्यंत. डोळे मिटले. तिच्या पाठीमागं रस्त्यानं बसा जात होत्या, धूळ उडत होती. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो. ती तिथं नव्हतीच. ती माळावर होती, आणि मला तिथं जाता येत नव्हतं.

"मावशी, थोडा वेळ बसतो."

तिनं डोळे उघडले, हात काढला, झाकण स्वतः लावलं आणि वरून दाबून बघितलं.

"बसतो काय. जा. बरफ वितळंल."

मी गेलो. कोपऱ्यावर वळायच्या आधी आरशात बघितलं. मावशी आता रस्त्याकडं वळून बसली होती. तो हात तिनं पुसला नव्हता. ओला हात तिनं गालाला लावून धरला होता.